सुईचा वाटा

डॉक्टर,

परवा तालुक्याला तुमची शोकसभा झाली. मामलेदार बोलले, हायस्कुलाचे हेडमास्तर बोलले, आणखी दोघं-तिघं बोलले. तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठं झालं, नोकरीला कधी लागलात, सगळं सांगून झालं. मग हेडमास्तर म्हणाले की तुम्ही फार मनमिळाऊ होता. मला हसू आवरेना. मनमिळाऊ! तालुक्यात एक तरी माणूस दाखवा ज्याच्याशी तुमचं वाजलं नव्हतं. माझ्याशी तर पहिल्या भेटीपासून वाजत होतं. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी नुसता हात जोडून खाली बसलो. लोकांना वाटलं, हवालदाराचा गळा भरून आला. अडचण वेगळीच होती. मला जे बोलायचं होतं ते फक्त तुमच्याशी बोलायचं होतं आणि त्यातलं निम्मं भांडण होतं. ते चारचौघांत कसं काढणार? म्हणून आज लिहायला बसलोय.

तुम्ही आमच्या खोऱ्यात पहिल्यांदा आलात ते दुसरी लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात. पाटणच्या वर कोयनेच्या काठानं आमची गावं. भात-नाचणीची शेती आणि त्या शेतीवर आमच्याआधी ताव मारणारी रानडुकरं. मी पलटणीतून नुकताच सुटून आलो होतो, बंदुकीचं लायसन होतं, त्यामुळं पारधीत मला मान होता. गुरांच्या डॉक्टरानं यावं, बुळकांडीची लस टोचावी, चहा पिऊन जावं, एवढीच आमची तुमच्याकडून अपेक्षा. तुम्ही चावडीवर मांडी घालून बसलात आणि विचारलंत, "इथं रानडुकराची पारध कधी करता?"

सरकारनं बंदुकांची चौकशी लावली असंच आम्हाला वाटलं. आमच्या पारधीचे म्होरके ज्योत्याजीआबा पान चघळत म्हणाले, "आमी कुटली पारध करतोय सायेब? डुकरंच आमच्या रानात पारध करत्यात." तेव्हा तुम्ही सांगितलंत की तुम्हाला मांस नको, सुळे नकोत, कातडं नको, फक्त रक्त हवं, तेही जनावर पडल्या पडल्या, गरम असताना. आबांचं चघळणं थांबलं. रक्त मागायला येतो तो मांत्रिक, डॉक्टर नव्हे. तुमच्या पाठीमागं दोघंजण उठून निघूनही गेले, ते तुम्हाला कधी कळलं नाही.

मग तुम्ही समजावत बसलात. माणसाला जो ताप-खोकल्याचा इन्फ्लुएंझा होतो त्याचाच भाऊबंद जंतू डुकरांतही सापडलाय, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही इतका बारीक. आजार येऊन गेला तरी रक्तात त्याची खूण राहते. पैलवान ज्याच्याशी एकदा लढला त्याचे डाव विसरत नाही, तसं रक्ताचं असतं. आपल्या रानातल्या डुकरांत ती खूण आहे का, गावातल्या डुकरांत आहे का, वर्षागणिक वाढते का, हे तुम्हाला बघायचं होतं. "बघून काय करनार?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "अजून माहीत नाही." शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते तीन शब्द इतक्या सहज मी आधी ऐकले नव्हते. मला ते आवडले होते. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही शेफारला असता.

आमच्या पारधीचा वाटणीचा नेम जुना आहे. जनावर पडलं की ऐनाच्या पानांवर वाटे घालायचे. पहिला वाघजाईचा, मग बंदुकीचा, कुत्र्यांचा, रान उठवायला हाका घालणाऱ्या प्रत्येकाचा. वाटा पाहिजे त्यानं रानात पळालं पाहिजे. वाटा ज्याच्या नावानं पडला त्यानं तो नाही म्हणायचा नाही, म्हटला तर तो देवीचा अपमान. आणि पारधीच्या बैठकीत बोलायचा हक्क फक्त वाटेकऱ्याला. तुम्ही मागितलेल्या रक्तासाठी देवळासमोर बैठक बसली. कुणी म्हणालं, रक्त वाघजाईचं, त्याला हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, जमिनीवर सांडतंय ते सांडतंय, बाटलीत सांडलं तर देवीचं काय जातंय. शेवटी आबांनी निकाल दिला, "सुई पळाली तर सुईला वाटा."

आणि सुई पळाली! आष्ट्याच्या जैन घरातला माणूस, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, सपाट काळ्या रानात वाढलेला. तो करवंदीच्या जाळीतून रॉकेलचा डबा बडवत, धोतराचा सोगा सांभाळत हाका घालत होता. त्या दिवशी मी दबा धरून बसलो होतो ते विसरून तुमच्याकडेच बघत राहिलो, आणि एक चांगला एकलगा, कळपाबाहेर फिरणारा नर, माझ्यासमोरून निघून गेला. नंतर आबांनी मला फैलावर घेतलं. तुम्ही मात्र बार झाला की तोंड फिरवायचात. जनावर पुरतं शांत झालं असं मी ओरडून सांगेपर्यंत मागं वळून बघायचा नाहीत. मग सगळ्यांच्या आधी धावत यायचात, गुडघे टेकायचात आणि त्या मेलेल्या डुकराच्या मानेवर हात ठेवून, सुई घालताना म्हणायचात, "जरा कळ सोस, बाबा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो.

"आवं डॉक्टर, त्ये मेलंय!"

"माहीत आहे. सवय लागलीय," तुम्ही नळीवरची नजर न काढता म्हणालात.

मग वाटे पडले. ऐनाच्या एका पानावर मांस ठेवून आबांनी हाळी दिली, "ह्यो सुईचा वाटा!" तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नेम तुम्हाला आधी सांगितलेला होता, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. तुम्ही ते पान दोन्ही हातांवर घेतलंत आणि अंगापासून लांब धरून अख्खा डोंगर उतरलात. खाली आल्यावर मला हळूच विचारलंत, "गावात असं कोण आहे ज्याला पारधीचा वाटा मिळत नाही?" तसं एकच घर होतं. ओढ्याकाठी टोपल्या विणून आणि डुकरं पाळून राहणारा तायाप्पा. त्याला पारधीला कुणी बोलवत नसे. तेव्हापासून सुईचा वाटा दरवेळी तायाप्पाच्या घरी जाऊ लागला आणि त्या बदल्यात तायाप्पा तुम्हाला आपली डुकरं धरून द्यायला लागला. त्याच्या डुकरांचं रक्त एका पेटीत, रानातल्यांचं दुसऱ्या पेटीत. तुमच्या दृष्टीनं दोघं एकाच नाचणीच्या शेतात रात्री जेवायला येणारे पाहुणे होते.

तुमचं काम मी किती वेळा बघितलं असेल. काचेची नळी तिरकी ठेवायची, रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटायचं, तेवढंच अलगद काढून घ्यायचं. ओल्या वाळूच्या टोपलीत नळ्या खोचून खाली पाटणला, कराडहून भुशात गुंडाळून आणलेला बर्फ थर्मासात घालून मोटारीनं कराड, तिथून रेल्वेनं पुण्याची प्रयोगशाळा. कधी बर्फ वाटेतच संपायचा, कधी मोटार बंद पडायची, आणि तुम्ही एखाद्या लेकुरवाळ्या बाईसारखी ती पेटी मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचात. वरचा हुकूम बुळकांडीचा; तो तुम्ही चोख पाळत होता, पण जीव सगळा डुकरात. तालुक्यात लोक तुम्हाला 'डुकराचा डॉक्टर' म्हणायचे. एकदा मी चिडून त्यातल्या एकाची गचांडी धरली तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात. "खरं तेच म्हणतोय तो," म्हणालात. आणि मग गाडीतळावर उभं राहून मला सुनावलंत, "साथ आली की धावपळ करणारे लय असतात, हवालदार. ती यायच्या आधी रानात जाऊन बघणारा एक तरी नको का?"

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो.

पुण्याहून कळलं की आपल्या खोऱ्यातल्या काही रक्तांत खूण सापडलीय. थोड्या रानडुकरांत, तायाप्पाच्याही एक-दोन डुकरांत. तुम्हाला कोण आनंद! तो आनंद बघून मी घाबरलो आणि तुम्हाला बजावलं, "चावडीवर सांगा काय सांगायचं त्ये, पर मानमोडी म्हनू नका."

"का? इन्फ्लुएंझा कुणाला कळणार? मराठी कोशात त्याला मानमोडीच म्हणतात."

"कोशात म्हनत असतील. कोशात त्ये रोगाचं नाव असंल. आमच्याकडं त्ये सालाचं नाव हाय."

पहिली लढाई संपता संपता जी तापाची साथ आली त्या सालाचं. मी लहान होतो. माणूस सकाळी खोकायचा आणि संध्याकाळपर्यंत मान टाकायचा. आमच्या आळीत दारं उघडी राहिली, आत कुणी नाही. माझी आई गेली तेव्हा तिला उचलायला चौघं जमत नव्हते. वडील आणि चुलता दोघांनीच नेली. त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नाही. 'त्या साली' एवढंच म्हणायचे. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही नीट ऐकलं होतं, डोळे पुसले होते. आणि तरी चावडीवर उभं राहून, सगळ्यांना समजावं म्हणून, चांगल्या मनानं, स्वच्छ आवाजात म्हणालात, "आपल्या भाषेत सांगायचं तर आपल्या डुकरांत थोडी मानमोडी दिसतेय."

'थोडी' हा शब्द कुणी ऐकलाच नाही. म्हाताऱ्या उठल्या त्या थेट घरी जाऊन बोचकी बांधायला लागल्या. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत निम्मा गाव माळावर खोपी घालायला निघाला होता, आणि उरलेला निम्मा तायाप्पाच्या दारात जमला होता. त्याचा डुकरांचा कूड मोडून टाकला. दिवस मावळायच्या आत गाव सोड, नाहीतर डुकरांसकट पेटवून देऊ म्हणाले. तायाप्पा अर्धी विणलेली टोपली हातात धरून उभा होता.

तुम्हाला निरोप गेला. तुम्ही आलात, गर्दीतून वाट काढत तायाप्पाच्या अंगणात त्याच्या बाजेवर जाऊन बसलात आणि त्याच्या बायकोला म्हणालात, "भाकरी आहे का?" भाकरी आणि मिरचीचा ठेचा तुम्ही सगळ्या गावासमोर खाल्लात. त्याच्या घागरीतलं पाणी प्यायलात. मग म्हणालात, "डुकरापासून व्हायचं असेल तर मला आधी होईल. त्यांच्या रक्तात हात माझे असतात. मला झालं तर मग याला हाकला." आणि बरेच दिवस तुम्ही तिथंच मुक्काम ठोकलात. दवाखान्याचं कामही त्या बाजेवरून. तुम्हाला काही झालं नाही. माळावरचे लोक एकेक करून, कुणाला दिसू नये अशा बेतानं घरी परतले. तायाप्पाचा कूड आबांनी स्वतः उभा करून दिला.

पण चूक कबूल करताय होय तुम्ही! "शब्द बरोबरच होता, फक्त माझी वेळ चुकली," हे तुमचं. "येळ न्हाई, शब्दच चुकला," हे माझं. जेवताना, मोटारीची वाट बघताना, डोंगर चढता चढता धाप लागली तरी आपण हेच भांडत आलो. तुमचं म्हणणं, ज्याचं नाव घ्यायला आपण भितो त्याच्याकडे आपण डोळे उघडून बघणार कसं. माझं म्हणणं, ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला नाव ऐकवायच्या आधी निदान खाली बसवावं. कुणीच हटलं नाही.

यंदा मार्गशीर्षात तुम्ही आष्ट्याला भावकीतल्या लग्नाला गेलात आणि आलात ते सांगत आलात की तिकडं घरोघर खोकला आहे, कराडच्या बाजारातही लोक खोकताहेत. पाठोपाठ आपली पारध झाली. एक मोठी डुकरीण पडली. तिचं नाक वाहत होतं, ते बघून तुम्ही नेहमीच्या सुईखेरीज कापसाचा बोळाही तिच्या नाकात फिरवलात, चेहरा पार जवळ नेऊन. पुढच्या काही दिवसांत तुम्ही आडवे झालात आणि तुम्हाला बघायला पाटणला, दवाखान्यामागच्या तुमच्या बिऱ्हाडी आलो तर मीही तिथंच आडवा झालो. वहिनींनी दोन खाटा एकाच खोलीत टाकल्या. "भांडायला लांब जायला नको," असं म्हणाल्या.

ताप असला तरी तुमची जीभ शाबूत होती. तुमचा खोकला मला लागला, की माझा तुम्हाला, की आष्ट्याच्या वऱ्हाडाचा दोघांना, की त्या डुकरिणीचा, यावर तुम्ही व्याख्यान दिलंत. आणि कंपाउंडरला हाक मारून म्हणालात, "सदाशिव, सुई आण. आमच्या दोघांचं रक्त काढ."

सुईला मी किती भितो ते तुम्हाला ठाऊक होतं. इटलीत तोफांखाली पडून राहिलेला मी, पण पलटणीत लस टोचायची रांग लागली की माझी शुद्ध हरपायची. हे मी तुम्हाला एका नको त्या वेळी सांगून बसलो होतो आणि त्यावर तुम्ही किती वर्षं मजा मारलीत. सदाशिवनं माझा दंड बांधला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. पलीकडच्या खाटेवरून तुमचा आवाज आला, घोगरा, "जरा कळ सोस, गड्या." इतक्या वर्षांत तुम्ही मला 'हवालदार' आणि 'तुम्ही' सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता. सुई कधी आत गेली ते मला कळलं नाही.

रानातल्या प्रत्येक बाटलीवर तुम्ही चिठ्ठी लावायचात: नर की मादी, पिल्लू की प्रौढ, कुठल्या खोऱ्यातलं. आपल्या दोघांच्या बाटल्यांवरही उशीला टेकून तुम्ही स्वतःच लिहिलंत. तुमच्यावर 'नर, प्रौढ, आष्टा'. माझ्यावर 'नर, प्रौढ, कोयना खोरे, भित्रा'. सदाशिवला वाचून दाखवलंत आणि हसता हसता इतके खोकलात की वहिनी धावत आल्या.

मग मला म्हणालात, "ही पहिली बाटली. दुसरी पंधरवड्यानं द्यायची. एकट्या बाटलीवरून काही सांगता येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायच्या. दुसरीत खूण वाढली असेल तर आपल्याला आत्ता काय झालंय ते कळेल. माणसाचा जंतू की डुकराचा, तेही बघता येईल." मी हूं म्हणालो. मला तेव्हा एवढंच कळलं की आणखी एकदा सुई आहे.

माझा ताप उतरला. तुमचाही उतरला असं वाटलं. एक दिवस तुम्ही मऊ भात मागून खाल्लात. नंतर छाती भरली. मोठ्या डॉक्टरांना कराडहून आणलं, त्यांनी औषधं दिली, पण श्वास काही पुरेना. सकाळी वहिनी देवापुढं दिवा लावून आत आल्या तेव्हा तुम्ही गेला होता. मी खोलीतच होतो. मी रडलो, डॉक्टर. इटलीत किती जण माझ्या शेजारून गेले, तेव्हा रडायला वेळ नव्हता. ते सगळंच त्या सकाळी बाहेर पडलं असेल. तुमच्याशिवाय पारधीला जायचं कसं, हा वेडा विचार मनात येत होता. नंतर आला दुसरा: तुमची दुसरी बाटली राहिली. आता तुमची पहिली बाटली कधीच काही सांगणार नाही.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. तुमचं वाक्य कुणीच विसरलं नव्हतं. "मला आधी होईल म्हनाला व्हता, झालं की!" ओढ्याकाठी पुन्हा माणसं जमायला लागली. तायाप्पानं या वेळी वाट बघितली नाही. भांडी बांधून, बायकोला पुढं घालून निघायच्या तयारीत होता. मी शोकसभेहून परतलो तो तसाच त्याला हाताला धरून चावडीवर घेऊन गेलो. तापानं अंगात कण उरला नव्हता.

"डाक्टर डुकरामुळंच ग्येलं. व्हय का न्हाई येवढं सांग," एकजण माझ्या अंगावर आला.

"ठावं न्हाई."

"तू हुतास की तितं!"

"हुतो. म्हनून सांगतोय, ठावं न्हाई." आणि मग मी म्हणालो, डॉक्टर. ज्यावरून तुमच्याशी भांडत आलो ते मीच म्हणालो. आधी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. सगळे टेकल्यावर म्हणालो, "मानमोडी असंल. कदाचित असंल. माझी आई गेली ती. पर ती रानातनं आली का बाजारातनं आली, कुनालाच ठावं न्हाई. त्या साली बी कुनाला ठावं नव्हतं. तवा कुनी बगितलंच न्हाई."

मी वाट बघत होतो की आता म्हाताऱ्या उठतील. कुणी उठलं नाही. मागं भिंतीशी टेकलेली सखूआत्या म्हणाली, "माझा दादला बी तिनंच गेला. अन् दोन लेकरं." तिला दोन लेकरं होती हे आमच्या पिढीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मग दुसरी बोलली, मग आबा बोलले. किती तरी वेळ सगळे त्या सालाबद्दल बोलत होते, आणि तायाप्पा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्याही घरातलं कुणी गेलं होतं. ते त्यानं सांगितलं आणि लोकांनी ऐकून घेतलं.

शेवटी मी पारधीचा नेम काढला. म्हणालो, "आबा, सुईला वाटा कुनी दिला? तुमीच. देवीम्होरं. मग बैठकीत बोलायचा हक सुईला हाय का न्हाई?" आबांनी मान डोलावली. "मग सुईचं बोलनं अजून व्हायचं हाय. डॉक्टरांची दुसरी बाटली ऱ्हायली, पर माझी हाय. आमा दोघांस्नी येकच खोकला हुता. माझ्या रक्तातनं निगंल त्ये डॉक्टरांचं बी समजा. तवर तायाप्पाला हात लावायचा न्हाई."

आबा उठून पान थुंकून आले. मग म्हणाले, "वाटेकऱ्याचं ऐकल्याबिगर निकाल न्हाई. तायाप्पा, भांडी सोड."

भांडण मिटलं असं समजू नका. तुम्ही अर्धे बरोबर होता एवढंच मी मान्य करतो. लोकांना खाली बसवल्यामुळं ते झालं, हे माझं अजूनही म्हणणं आहे.

आज पंधरवडा झाला. पाटणला यायला निघालो तर तायाप्पा पाठोपाठ आला. निम्मा रस्ता सरल्यावर त्यानं विचारलं, "हवालदार, डुकराचंच निगालं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुमच्या नादाला लागून ती सवय गेलीय. म्हणालो, "निगालं तर निगालं. खरं हाय त्ये मी चावडीवर सांगनार. पर म्होरं काय करायचं त्ये ठरवताना मी तुज्या बाजंवर बसलेला असंन." तो दवाखान्यापर्यंत बरोबर आला.

तुमच्या खोलीतल्या खाटा काढल्यात. सदाशिवनं दंड बांधला. मी भिंतीकडे तोंड करणार होतो, पण पाठीमागून बोलायला आता तुमची खाट नव्हती, म्हणून सुईकडेच बघत राहिलो. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. शेवटी मीच म्हणालो, "जरा कळ सोस, बाबा." सदाशिवनं सुई घातली, आणि बोलायच्या नादात माझी शुद्ध हरपायची राहून गेली.

नळी भरली. तायाप्पानं ओल्या वाळूची टोपली पुढं केली, त्यानंच विणलेली. सदाशिवनं चिठ्ठी पुढ्यात ओढली, लेखणी बुडवली आणि विचारलं, "काय लिहू?"

"पहिल्या बाटलीवर आहे तेच."

त्यानं लिहिलं. नर, प्रौढ, कोयना खोरे. मग थांबून माझ्याकडे बघितलं. "भित्रासुद्धा?"

"तेसुद्धा," मी म्हणालो. "ताडून बघताना तिकडं घोटाळा नको."